विमानासाठी मारलेलं पाणी

थकलो थकलो काय म्हणता बे, थकणं मले विचारा. इंग्रजाच्या राज्यातली गोष्ट आहे. नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावात गोरा साहेब येणार होता, तोबी स्वतः विमान चालवत. उतरणार कुठी, तं गावाबाहेरच्या गवताच्या मैदानात.

मागच्या खेपेले तो मोटारीनं आला तवा त्याच्या नाकातोंडात धूळ गेली होती. म्हणून तहसीलदारानं बजावलं, "साहेब यायच्या आधी सगळ्या मैदानावर पाणी मारा. धूळ उडाली तर पाटलाची पाटीलकी जाईल."

पाटील म्हणजे माहा काका. म्या अन् माह्या दोस्तानं, दगडूनं, पहाटपासून बैलगाडीवर पिपं लादून विहिरीचं पाणी वाह्यलं. दगडू म्हणे, "काऊन बे, काळी माती आहे, चिखल होईन."

म्या म्हटलं, "तहसीलदाराले तू सांगतं का?"

त्यानं पुढचं पिप उपडं केलं.

विमान उतरलं. चाकं घडीभर गवतात दिसले, मंग दिसलेच नाही. नाक चिखलात रुतलं, शेपूट आभाळाकडे. आम्ही पळत सुटलो. म्या म्हटलं, साहेब गेला अन् काकाची पाटीलकीबी गेली. पण साहेब पट्ट्याले लोंबकळत होता, जिता होता. ओढून काढला. चिखलानं भरला होता, पण धुळीचा एक कण नव्हता अंगावर.

 आम्ही बैल जुंपून विमान बाहेर ओढलं अन् बांधावर टेकलो. तं तहसीलदार जवळ आला.

"बसलात काय? विमान धुवायचं आहे. पाणी आणा."