हसू नका, काकू

लेकीच्या बाळंतपणाला काकू एकट्याच परदेशी निघाल्या होत्या. काकांना डॉक्टरांनी विमानप्रवास मना केला होता. पासपोर्टच्या फोटोला मात्र दोघं जोडीनं आले आणि त्यांनी फोटोग्राफरच्या तोंडाला फेस आणला.

"काकू, हसू नका हो. दात दिसले की फोटो परत येतो."

"मी कुठं हसतेय? हेच समोर उभे राहून हसवतायत."

"मी? मी आपला गुपचूप उभा आहे!"

"तुमचं ते गुपचूपच पुरतं मला."

"काका, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

काका बाहेर गेले आणि फोटो एका दमात निघाला.

"अगं, काय हे! किती उदास दिसतेयस यात."

"असू द्या. विमानतळावर फोटोशी चेहरा ताडून बघतील ना, तेव्हा अश्शीच दिसणार आहे मी."