मोर कुणी भरला?

पोरगी बघायला जाल तर भिंतीवरल्या भरतकामावर भरवसा ठेवू नका, गड्यांनो. निजामाचं राज जाऊन दोन-तीन वर्षं झाल्ती. माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला बघायला आष्टीची मंडळी येणार, अन् आमच्या टेंभुर्णीच्या घरातल्या भिंती उघड्याबोडक्या. तसबिरीचा खर्चा परवडणारा न्हाई. मंग मायनं पेटीतून आजीनं रेशमानं भरलेला मोर काढला अन् फुटक्या आरशाच्या चौकटीत बसवला.

मी म्हणलं, "माय, कुणी भरला म्हणून विचारलं तर?"

"सुमीनं! त्यासाठीच तर लावून राह्यले."

सुमीला साधं बटन लावता येत न्हाई.

नवरदेवाची आजी चहाची बशी हातात धरून मोराकडंच बघत बसली. "पोरीनं भरला का?"

"बिलकुल! सुई हातातून सुटतच न्हाई तिच्या," माय बोलली.

"तीस वर्षांमागं याच घरी तुमची नणंद बघायला आल्ते. तव्हा हाच मोर तिनं भरला व्हता."

मायची मान खाली. सुमी रडायच्या बेतात.

म्हातारी खुदकन हसली. "पोरगी पसंत हाय. पण मोर तिच्यासंगं धाडा. आमच्या घरी अजून दोन पोरी उजवायच्या हायेत."