पोपटचा अंगठा

— नाही नाही, कोण गेलं ते आत्ताच सांगू नकोस. आधी बस. तिथे नको, त्या खुर्चीचा पाय हलतो — इथे पलंगावर बस. पाणी घे. माझा नियम आहे हा, आधी पाणी, मग नाव. नाव तोंडातून आलं की माणूस रडायला लागतो, पाणी तसंच राहतं, आणि मग मलाही काही सुचत नाही. आणि माझं काय घोडं अडलंय नावावाचून? दारात माणूस उभं राहिलं की कळतं मला. तू तर पांढरा ड्रेस घालूनच आलीस, विचारायलाच नको. ते पाकीट काय, उपासनेचा कागद ना? कुठलं गीत कधी म्हणायचं तो? ठेव तिथे, हार्मोनियमवर. चष्मा सापडला की बघतो. मालन, म्हणजे माझी बायको, डोंबिवलीला पोरीकडे गेलीय — ती नसली की ह्या घरात चष्मा सापडत नाही, आणि ती असली की मला बोलायला सापडत नाही.

माझं नाव कोणी दिलं? — बरं, राहू दे. सगळेच देतात. कल्याणपासून ठाण्यापर्यंत आपल्या ख्रिस्ती लोकांत कोणी गेलं की पहिला फोन पाळकसाहेबांना, दुसरा आनंदा साळवेला. शवपेटीवाल्याचा नंबर माझ्यानंतर लागतो. मान आहे तो, मी नाही म्हणत नाही. पण मागे एका ओळखीच्यांना बघायला दवाखान्यात गेलेलो — साधं अपेंडिक्स हो त्यांचं, हातात दोन मोसंबी घेऊन गेलेलो — तर ते मला बघून उठूनच बसले. म्हणतात, "आनंदा, एवढ्यात?" त्यांची बायको तर नर्सला हाका मारायला लागली. तेव्हापासून आजारी माणसाकडे जाणं सोडलंय मी. लग्नाचं तर कोणी बोलावतच नाही. जेवणाचं बोलावतात कधीमधी, पण वेगळं, दुसऱ्या दिवशी.

आणि हे सगळं एका गाण्यामुळे बरं का. तशी मी बासष्ट गाणी बांधली. नाताळची आहेत, पुनरुत्थानाची आहेत, शब्बाथशाळेच्या पोरांसाठी एक उंटाचं आहे, फार गोड आहे ते. कॅसेट निघालेली माझी, 'आनंदा साळवे आणि साथी', वर फोटो, जाकीट घालून. विचारतंय कोण? सगळ्यांना एकच पाहिजे —

पांढरं नेसून निघालं लेकरू,
दार उघडा हो बापाच्या घरी...

बघ, तुझ्या पण डोळ्यांत पाणी आलं. होतंच तसं. आता घोडबंदर रोडला ती नवीन मंडळी जमते ना, हॉलमध्ये, त्यांनी हे यूट्यूबवर टाकलंय, ड्रम लावून, मागे धूर सोडून. खाली लिहिलंय — पारंपरिक! मी फोन केला, म्हटलं, अहो, मी पारंपरिक आहे, इथे कल्याणजवळ मोहन्यात राहतो, अजून जिवंत आहे. तो पोरगा म्हणतो, अंकल, प्रेज द लॉर्ड, आम्हाला वाटलं तुम्ही कधीच...

काय म्हणालीस? — लग्नाचं? हे लग्नाचं गाणं आहे हे तुला कोणी सांगितलं? पोपट बोलला असणार. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. हो, लग्नाचंच आहे. नवरी पांढरी साडी नेसून चर्चमध्ये येते, चर्च म्हणजे बापाचं घर, दार उघडा — सरळ आहे की नाही? केरव्यात बांधलेलं मी, अशी उडती चाल की म्हाताऱ्यांचे पण पाय हलावेत. मग असं झालं, की पहिल्यांदा ज्या लग्नात वाजवलं तिथे पोपटच्या अंगठ्याला लागलेलं. पोपट म्हणजे आमचा तबलजी — तो आपला नाही, भजनी मंडळातला, पण रविवारी आमच्याकडे वाजवायचा, देव काय कोणाचा ताल मोजतो का? तर त्याचा अंगठा सुजलेला, त्यामुळे ठेका संथ पडला, आणि संथ पडला म्हणून लोक रडले. पुढच्याच आठवड्यात एक म्हातारी वारली, तर पाळकसाहेब म्हणाले, आनंदा, ते परवाचं रडवणारं घे. झालं. तेव्हापासून तीस वर्षं मी हेच गाणं घेऊन लोकांना पोचवतोय. सगळा त्या अंगठ्याचा खेळ.

हसतेस काय? — नाही, हस ना, बिनधास्त हस, दुःखात हसलेलं चांगलं. पण अंगठ्याचं ऐकून आजवर कोणी हसलं नव्हतं. हळहळतात लोक.

आता तू काय, अनोळखी आहेस, उद्या माती झाली की मला विसरशील, म्हणून सांगतो. हे गाणं मी असंच कोणाच्या तरी लग्नासाठी बांधलं नव्हतं. माझ्या लग्नासाठी बांधलेलं. आता लग्न म्हटलं की मुलगी पाहिजे — ती होती. गायनमंडळात पहिला सूर तिचा. शनिवारी सरावाला यायची, वही विसरायची आणि माझ्या वहीत बघून गायची. रसिका तिचं नाव. हे गाणं ऐकून म्हणाली, "आनंदा, हे माझ्या लग्नात वाजवायचं हं." मला वाटलं, झालं! आणखी काय बोलायचं असतं? तिसरं कडवं अडलेलं, ते झालं की एकदमच बोलू म्हटलं. तुला सांगतो, कडवं होईपर्यंत थांबू नये माणसानं. त्या रविवारी पाळकसाहेबांनी वेदीवरून नावं वाचली — रसिका अमुक आणि ठाण्याचा कोण तो बँकेतला — कोणाची काही हरकत असेल तर कळवावी. तीन रविवार वाचतात आपल्यात, माहितीये ना? तीन रविवार विचारलं, हरकत आहे का. आणि तीन रविवार मी समोर हार्मोनियमवर बसून, भाता मारत, आमेन म्हटलं.

लग्नाच्या दिवशी ती दारात उभी, बापाच्या हातात हात, पांढरी साडी, आणि माझ्याकडे बघून अशी मान हलवली — घे, म्हणून. मी घेतलं. पण मी काय केलं, — पोपट बिचारा केरवाच लावत होता, पुढे पळत होता, मी डोळे वटारले त्याच्यावर, हळू. आणखी हळू. ती पाऊल उचलायची आणि सूर संपायचाच नाही, पाय तसाच वर. दारापासून वेदीपर्यंत नऊ मिनिटं लागली तिला. नऊ! आई रडायला लागली, मग मावश्या, मग नवऱ्याकडचे पण, त्यांना वाटलं आमच्यात अशीच पद्धत असेल. बाहेर आल्यावर पोपट म्हणतो, "आनंदा, लगीन हाय का मयत?" हरकत होती माझी. तोंडानं नाही नोंदवली, चालीत नोंदवली. आणि मग लोकांना काय सांगायचं? अंगठा सांगितला. पोपटनं पण आठवडाभर चिंधी बांधली, दोस्त आहे. शिक्षा बघ केवढी झाली — पुढे मालनशी लग्न झालं, ती म्हणाली, तुमचंच ते गाणं घ्या ना, तर माझी सासू किंचाळली, अगं, ते मयतीचं! नालायकपणा केला मी. आजही चाल धरली की लाज वाटते, आणि धरावी तर लागते, रोज कोणीतरी मरतंच.

असो. पाणी प्यालीस? मग सांग आता. नाव सांग, वय सांग, नातवंडं किती — थांब, चष्मा इथेच आहे की, कपाळावर. दे ते पाकीट.

...हे शुभविवाह आहे.

सोनल — म्हणजे तू? तुझंच लग्न? मग हे पांढरं — हो, घालतात आता असंच, बरोबर. अगं, मग आल्या आल्या बोलायचं ना! — मी बोलू दिलं नाही. ते पण खरंय. सोनल, ज्येष्ठ कन्या, श्री. आणि सौ.... सौ. रसिका.

म्हणजे ती आहे. बरी आहे ना? — खाली? रिक्षात बसलीय? मग वर का नाही — नको, वर नको, असू दे. गुडघे असतील. घर पण हे असं. काय निरोप दिलाय? परत सांग. — गाणं तिलाच पाहिजे तुझ्या लग्नात, आणि सरावात व्हायचं तसं, उडतं. हं. आणि? अजून काहीतरी म्हणालीस. — "पोपटदादांचा अंगठा तेव्हाही बरा होता"... असं म्हणाली? हसून म्हणाली की कशी?

म्हणजे ती नऊ मिनिटं चालत होती, तेव्हाच तिला...

नाही, चहा वगैरे नको आता. ऊठ तू. आई खाली थांबलीय, रिक्षावाला कटकट करेल. येतो म्हणून सांग. नको, येतो म्हणू नकोस — बरं, सांग, येतो. मी मघाशी काय काय बडबडलो ते नको सांगू — सांगितलंस तरी काय, तिला माझ्याआधीच माहीत. कार्ड राहू दे. कधी आहे? शनिवार. चार दिवस आहेत. तीस वर्षांत ती चाल एकदाही धरलेली नाही गं, बोटंच जात नाहीत तिकडे, बघ, आत्ता गुडघ्यावर ठेका धरला तर मयतीचाच पडतोय.

जा आता. आणि दार नीट ओढून घे. मी हार्मोनियम काढतोय, आणि हे गाणं बाहेर ऐकू गेलं की शेजारचे चपला घालून येतात, कोण गेलं विचारायला.