पॅकार्डचं दार

पावाच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. पलीकडे त्यांची हिरवी पॅकार्ड, जुनी अमेरिकन मोटारगाडी, उभी होती. अख्ख्या हवानात तशी दुसरी नाही.

"एउदेलियो, इंजिन रशियन, ब्रेक तू घरी बनवलेले. मग अमेरिकन काय उरलं तिच्यात?"

"दारं. म्हणून तर सगळ्यांना सांगतो, हळू लावा."

"सांगतोस कुठे, खेकसतोस. माझ्या आईवरही खेकसलास."

"तिनं आपटलं होतं."

"घराचं आपटलं तर तुला ऐकूही येत नाही."

"येतं की, नेरेइदा. कायमची बहिणीकडे निघालीस, तेव्हा केवढ्यानं आपटलंस."

"तरी अडवलं नाहीस."

"मीच तर सोडायला आलो. तिथं उतरलीस आणि गाडीचं दार अलगद लावलंस. तेव्हाच कळलं, परत येणार."

"कडी सैल झाली होती तिची. म्हणून जपून लावलं."