सानपाड्याची हेडबाई

माझं गाव सानपाडा. आता तुमी स्टेशनला उतरून आलात ते नाय, आमचं जुनं, एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागर, आनि मिठागराच्या पलीकडं खाडी. आमी आगरी मानसं. माझा बापूस मिठागरावर कामाला, त्याचा बाप पन तिथंच. मी हिरा, घरातली थोरली. गावात चौथी झाली, मग ठान्याला मावशीकडं राहून मॅट्रिक, मग लगीन, आनि वर्ष भरायच्या आत नवरा तापानं गेला. काय सांगू तुम्हाला, बापूस आला, मला घेऊन आला. घरी आल्यावर बोलला, शिकलीस ना, मंग शिकव.

तवा गावानं नुकतंच हायस्कूल काढलेलं. हायस्कूल म्हंजे काय, देवळामागं कुडाच्या भिंती आनि वर कौलं. पन नेरूळची, तुर्भ्याची पोरं बांधाबांधानं चालत यायची. मी तिथं शिकवायला लागली. कमिटीचा चेअरमन गनपतशेट. मिठागराचा ठेका त्याचा, खाडीपल्याड मुंबईकडं जानाऱ्या होड्या पन त्याच्याच. मानूस वाईट नव्हता हां, शाळेला जागा त्यानंच दिलेली. पन त्याला वाटायचं शाळा पन आपल्या मिठागरासारखीच, हंगामात हाक मारली की पोरं वर्गातून उठून मीठ ओढायला आली पायजेल.

आमचे हेडमास्तर देशावरचे, त्यांना खाडीची हवा मानवली नाय, गेले सोडून. मागून तपासनीला सरकारी साहेब आला. तो बोलला, पदवी आनि ट्रेनिंग झालेला हेड नसंल तर शाळेची मान्यता जाईल. म्हंजे मॅट्रिकच्या पोरांना परीक्षेलाच बसता येनार नाय. गनपतशेट बोलला, नाय तर नाय, बंद करू. असा बोलला, जशी छत्री मिटतात. मी मागं उभी होती, माझ्या तोंडातून निघून गेलं, साहेब, मी बी. ए.ला बसते हाय, पास झाली की ट्रेनिंग पन करीन, मुदत द्या. साहेब बोलला, विषय कोनता? मी बोलली, अर्थशास्त्र. तर गनपतशेट हसला. बोलला, साहेब, बाय गेल्या साली नापास झालीय.

झालीच होती, सगळ्या गावाला ठाऊक होतं. मागनी-पुरवठ्याचा प्रश्न आलेला, मी पानंच्या पानं आमच्या मिठाचं लिहीत बसली. मुंबईला एक प्राध्यापक होते, बाहेरून बसनाऱ्यांना रविवारी शिकवायचे, त्यांना मी जाऊन सांगितलं मी काय काय लिहिलं ते. ते बोलले, बाई, तुमचं खोटं नाय, पन तुम्हाला विचारलं काय आनि तुमी लिहिलं काय? आधी सिद्धांत मांडा, मग तुमचं मीठ आना. मला असा राग आला, पन होडीत बसल्यावर पटलं. त्यांनीच मला एक गोष्ट शिकवली, शाळेला फी नसली तरी गरिबाच्या घराला शाळा फुकट पडत नाय, पोर वर्गात बसलं की घरातली त्याची मजुरी जाते. ते ऐकल्यावर मला पोरांना शाळेऐवजी कामाला धाडनाऱ्या आयांचा राग यायचा बंद झाला.

साहेबानं मुदत दिली. पुढच्या साली मी परत बसली. परीक्षा मुंबईला, ऐन हंगामात. पहिले पेपर नीट गेले. शेवटच्या पेपराच्या आदल्या दिवशी गनपतशेटचा मानूस वर्गाच्या दारात, मॅट्रिकची पोरं पाठवा बोलला, आनि मी बोलली, नाय पाठवत, त्यांची पन परीक्षा तोंडावर हाय. झालं. सकाळी धक्क्यावर गेली तर होडी चालवनारा तांडेल माझ्याकडं बघंना. बाय, शेट बोलला, आज होडी मिठालाच. मी बोलली, अरे, माझा पेपर हाय. तो बोलला, मना ठावं हाय गो, पन मी काय करू?

मी तिथंच उभी. इतक्यात बापूस आला, काकाची मासे पकडायची छोटी होडी घेऊन. शेटच्या कामावर जायचं सोडून आला. बोलला, बस. ओहोटी लागलेली, पानी डोळ्यांदेखत खाली चाललेलं, बापूस वल्हवतोय, मी देवाचं नाव घेतेय, आनि पल्याडचा काठ समोर दिसतोय तर होडी रुतली. हलंना. बापूस उतरून ढकलायला लागला, मांडीपर्यंत चिखल. बोलला, आता पानी यायची वाट बघशील तर बसशील संध्याकाळपर्यंत, उतर. मी पुस्तकं होडीत टाकली, पेन तोंडात धरलं आनि उतरली. एक पाय काढावा तर दुसरा आत जातोय, कालवांच्या शिंपल्यांनी तळवे कापले. मागं वळून बघितलं तर बापूस कमरेवर हात ठेवून उभा, मी पडते की काय बघत.

मानखुर्दहून गाडी, तिथून पळत पळत परीक्षेचा हॉल. पेपर सुरू झालेला. अर्धा तास उलटला की आत घेत नसत, आनि तो उलटायलाच आलेला. दारात एक म्हातारे मास्तर, त्यांनी माझ्या लुगड्याकडं बघितलं, पायांवरचं रक्त बघितलं. बोलले, नळ तिकडं हाय, पाय धुवा आनि बसा. या वेळेला मी आधी सिद्धांत मांडला.

पास झाली. मग मुंबईला राहून ट्रेनिंग केलं, त्यात शाळा कशी चालवायची याचा वेगळा पेपर होता. शिकवनाऱ्या बाई कडक. त्या सारखं बोलायच्या, हेड म्हंजे खुर्ची नाय, पोर का आलं नाय हे ज्याला ठाऊक तो हेड.

परत आली तर कमिटीची मीटिंग. गनपतशेट बोलला, हेड तुला करतो, पन हंगामात वरचे वर्ग सोडायचे. मी बोलली, सोडनार नाय, पन हंगामात शाळा पहाटे भरवीन, ऊन चढायच्या आत सोडीन, मग पोरं आईबापाला हातभार लावू देत. बाकीचे मेंबर एकमेकांकडं बघायला लागले. गनपतशेटचा आवाज चढला, बोलला, मी नाय बोललो तर? मी बोलली, तर दुसरा हेड बघा, मान्यतेचं तुमी साहेबाला सांगा. मग तो हळू बोलला, उद्यापासून तुझ्या बापाला कामावर पाठवू नको.

बापूस दारातच बसलेला, बाकीच्या गाववाल्यांत. मी बापाकडं बघितलं. घरात मागची भावंडं होती हो, काय खानार? बापूस उठला, टोपी नीट केली, बोलला, माझं मी बघीन, तू शालेचं बोल.

मग मी बोलली, पोरांच्या मजुरीचं, परीक्षेचं, सगळं बोलली. एक मेंबर उठला, बोलला, पहाटेची शाळा बरी हाय, माझी पोर येईल. मग दुसरा. गनपतशेट उठून गेला. शाळा राहिली, त्या सालची पोरं आमच्याच शाळेतून मॅट्रिकला बसली. बापूस परत मिठागरावर गेला नाय, लोकांच्या शेतात राबला, शेवटपर्यंत. वाकून वाकून कंबर गेली त्याची.

आता कुठलं मिठागर आनि कुठली शेती, सगळ्या बिल्डिंगी. मी पन चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट बंद पडली की घरातच. माझे विद्यार्थी येतात, कोन बँकेतून रिटायर झाला, कोनाचा मार्केटला गाळा हाय, पाया पडतात, बाई बाई करतात. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पन ते गेल्यावर एक मनात येतं. त्या मीटिंगच्या दिवसाबद्दल बापाला मी कधी विचारलं नाय, आनि तो कधी बोलला नाय. मिठागर सोडताना त्याला जड गेलं असंल का, रात्री झोप लागली असंल का, काय ठाऊक नाय. आता विचारू कोनाला? जाऊ दे. चाय घ्या तुमी, गार होतेय. आनि तुमची पोरं शिकतायत ना, शिकू देत, मोठी होऊ देत.