हूवु आणि हुल्लु

बोम्मसंद्र्याहून येणाऱ्या बसमध्ये पुढच्या सीटवर एक कॉलेजातली ताई आणि तिचे मामा मराठीत बोलत होते. माझा स्टॉप गेला तरी मी उतरले नाही, इतकं ते रंगलं होतं.

"मामा, आज माझी लँडस्केपिंगची इंटर्नशिप जवळजवळ संपलीच होती."

"आत्ताशी तिसरा दिवस ना गं, स्वानंदी?"

"कंपनीच्या गेटसमोर झेंडूचा वाफा आहे. सर म्हणाले, बागकामाच्या बायकांकडून त्यातलं गवत काढून घे. मी ऐटीत कन्नडमध्ये सांगितलं, अक्का, हूवु तेगीरी."

"अगं, म्हणजे फुलं काढा! हूवु म्हणजे फूल. गवत म्हणजे हुल्लु."

"ते आता कळलं. पाइप घेऊन परत येते तर वाफ्यात एक फूल नाही, आणि गवत जागच्या जागी."

"शिव शिव. अक्कांनी विचारलं नाही?"

"त्यांना वाटलं, पूजा असेल. भरलेली टोपली माझ्या हातात दिली."

"आणि सर?"

"वाफ्याशी उकिडवे बसून किती वेळ कळ्या बघत होते. मग म्हणाले, कंपनीच्या उद्घाटनाला तीन आठवडे आहेत. आता खुडलं की झाडं चांगली फुटतील, तेव्हा दुप्पट फुलतील. हेच काम उद्या सांगणार होतो."

"बरं, वाचलीस म्हणायची."

"नुसती वाचले नाही, उद्यापासून सगळे वाफे माझ्याकडे. एकच अट आहे."

"कसली?"

"अक्कांना काय काढायचं ते बोटानं दाखवायचं. तोंडानं सांगायचं नाही."