श्यामलाच्या टेबलावरची टकटक

नाव सकवारबाई कोम येसाजीराव जगताप. वय सत्तरीच्या पुढे, नक्की कोणी लिहून ठेवलेले नाही. धंदा घरी चटणीपुडी कुटून विकणे. शिक्षण दुसरी. राहणार देवळामागची गल्ली, बनशंकरी, बेंगळूर. तारीख २५ नोव्हेंबर १९९६.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे. घर माझ्या मालकीचे आहे. वरच्या खोलीत श्यामला भाड्याने राहते. तिचा नवरा उल्हास श्रावणात कॅन्सरने वारला. त्याचा धाकटा भाऊ नरसिंह याची तक्रार आहे की वहिनीच्या डोक्यावर परिणाम झाला, तिने वर कोणा पुरुषाला ठेवले आहे आणि मी घरमालकीण ते लपवते. दोन्हीतले एक काय ते ठरव, असे मी त्याला सांगितले. डोके फिरलेली बाई चोरून संसार करत नाही.

उल्हास यशवंतपूरला कारखान्यात होता. तिथे जर्मन लोक यंत्रे बसवायला आले, त्यांच्याकडून तो भाषा शिकला. पुढे बोम्मसंद्र्याच्या एका कंपनीचे काम घरी आणू लागला. रक्त तपासून कॅन्सरचा माग काढायचे जर्मन सामान ती कंपनी आणते. त्यासोबतचे पुस्तक इथल्या डॉक्टरांसाठी इंग्लिशमध्ये करायचे असते. तो तोंडाने सांगे, श्यामला टाइप करी. तिला इंग्लिश येते, जर्मन येत नाही.

मग त्यालाच घशाचा रोग झाला. आधी रक्त तपासले होते. आकडा कमी आला, डॉक्टर म्हणाले काही नाही. काही नाही, काही नाही म्हणत सहा महिने गेले. मग घसा कापला, आवाज गेला. तेव्हापासून श्यामला जाड डिक्शनरीत एकेक शब्द शोधून टाइप करी आणि त्याला वाचून दाखवी. तो शेजारी बसून बोटाने टेबलावर वाजवी. एकदा वाजवले म्हणजे बरोबर, दोनदा म्हणजे चूक. माझी चूल त्या टेबलाच्या बरोबर खाली येते. मला सगळे ऐकू येई.

पुस्तक अर्धे असताना तो गेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आले. नरसिंह म्हणाला, "वहिनीला सांभाळीन." कावळा झाडावरून हलला नाही. मी म्हटले, "अरे, त्याला खोटं सांगू नकोस, पुस्तकाचं बोल." तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, पुस्तक वहिनी पुरं करील, मी आडवा येणार नाही." कावळा आला. हे मी आणि भटजींनी पाहिले.

तेरावे झाल्यावर श्यामला टाइपच्या मशीनवर बसली. मी खाली भाकरी थापत होते. टाइप करणे थांबले आणि दोनदा वाजले. मग तीच ओळ पुन्हा टाइप केल्याचा आवाज आला. मी वर गेले. तिचे दोन्ही हात मशीनवर होते. खोलीत दुसरे कोणी नव्हते. मी विचारले, "कोण वाजवतंय गं?" ती म्हणाली, "अज्जी, तुम्हालाही ऐकू येतं?" मी म्हटले, "येतं म्हणून तर भाकरी करपली."

उंदीर असेल म्हणून पिंजरा लावला. टेबल भिंतीपासून सरकवले. पायांखाली गोणपाट घातले. फरक पडला नाही. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. माझा नवरा गेला तो एकदाही आला नाही. आला असता तर मी विचारले असते, आता काय राहिलं?

दसऱ्यानंतर कंपनीचे किरणकुमार नरसिंहाला घेऊन आले. म्हणाले, "अम्मांना जर्मन येत नाही आणि काम तर बरोबर येतंय. करतं कोण?" त्यांनी एक नवे पान पुढ्यात ठेवले. श्यामलाने डिक्शनरी बघून टाइप केले आणि मोठ्याने वाचले. एका ओळीला दोनदा वाजले. नरसिंह टेबलाखाली वाकून बघून आला. त्या ओळीत तिने लिहिले होते की रक्तात आकडा कमी असला तर रोग नसतो. तिने पुन्हा डिक्शनरी उघडली. मग लिहिले की आकडा कमी असला तरी रोग नाही असे म्हणता येत नाही. एकदा वाजले. किरणकुमार मूळ पान बघून "सरी आहे", म्हणजे बरोबर आहे, म्हणाले आणि डावी चप्पल उजव्या पायात घालून निघून गेले.

काल नरसिंह ऑटो घेऊन आला. म्हणाला, "माझ्या दिव्यश्रीचं लग्न जमत आलंय. मुलाकडचे विचारतात, तुमची वहिनी कोणाशी बोलते? स्वल्प दिवस दवाखान्यात ठेवतो." मी म्हटले, "पोरीचं लग्न आहे की वहिनीचं?" त्याने तिला मनगट धरून जिन्यात ओढले. ती जिन्यात, तो जिन्यात, मी दारात. आत टेबलावर दोनदा वाजले. त्याने हात सोडला. मी विचारले, "कावळ्याला काय बोलला होतास?" त्यावर तो तडक इथे ठाण्यात आला. हवालदार मंजुनाथ यांनी झडती घेतली. माणूस मिळाला नाही.

श्यामला वेडी आहे का, असे मला विचारण्यात आले. ती वेळेवर आंघोळ करते, तिच्या सारात मीठ बरोबर असते. वेडी नाही.

आणखी एक सांगते, जे नरसिंहाला सांगितलेले नाही. पंधरवड्यापासून मशीनवर एकच पान आहे, पुस्तकातले शेवटचे. सकाळी बरोबर लिहिलेली ओळ ती संध्याकाळी चुकवते आणि डोळे मिटून बसते. मी तिला म्हटले, "मुद्दाम चुकतेस." ती म्हणाली, "अज्जी, बरोबर लिहिलं की एकदाच वाजतं." मी म्हटले, "जिवंतपणी दमला तेवढा पुरे नाही का?" टकटक आता पहिल्यासारखी येत नाही. मला भाकरी थांबवून कान द्यावा लागतो.

तरी तिला कोणी नेऊ नये असे माझे म्हणणे आहे. ते पान तिचे तिने संपवायचे आहे, दिराने ओढून नाही आणि पोलिसांनीही नाही. आज सकाळी मी निघाले तेव्हा मशीन बंद होते आणि ती टेबलाला कान लावून बसली होती.

जबाब हवालदारांनी कन्नडात लिहून घेतला. त्यांची आई बेळगावची, म्हणून मराठीत समजावून वाचून दाखवला. मी बोलले तेवढेच त्यात आहे. मला सही येते, अंगठा नको.

सकवारबाई